एक डाळिंब मागे

आमच्या घरी पेपर येत नव्हता. मखमलाबादच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला, दुसऱ्याच्या मळ्यात आम्ही वाट्यानं फुलं आणि भाजी करायचो. राहायला पत्र्याची खोली, तीही त्यांचीच. वडील पहाटे सायकलला झेंडूचं गाठोडं बांधून गणेशवाडीच्या फूलबाजारात जायचे आणि आई मेथीच्या जुड्या बांधत बसायची. तिच्या नखांची हिरवी कड मी कॉलेजात जाईपर्यंत कधी निघालेली पाहिली नाही. पेपर मळ्याच्या मालकांकडे यायचा. त्यांचं वाचून झालं की दुपारी मी तो मागून आणायचे आणि संध्याकाळच्या आत जशाच्या तशा घडीनं परत द्यायचे. एकदा धाकट्या भावानं त्यातलं क्रिकेटरचं चित्र कापून भिंतीला चिकटवलं. मालकीणबाई बांधावर येऊन आईला म्हणाल्या, "भोक पडलेला पेपर रद्दीवाला पण घेत नाही गं." चार लोकांसमोर म्हणाल्या. त्या रात्री आईनं आम्हाला मारलं नाही. एवढंच म्हणाली, "बोट ठेवून वाचत जा. कापायचं नाही. आपलं हाय का ते?"

पुढं घराण्यातली पहिली पदवी मी घेतली. हे मी सांगते, कारण ते मला सांगायला आवडतं.

पदवीनंतर अंबडच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. टेबलाच्या पलीकडे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. बारीक कापलेले पांढरे केस, सुती साडी, पायात बूट. त्यांनी माझ्या मार्कांकडे पाहिलंही नाही. समोरचा पेपर माझ्याकडे सरकवला.

"यातली एक बातमी मला दाखवायचीय. कशी दाखवशील?"

मी बातमीवर बोट ठेवलं.

"कात्री आहे ना टेबलावर."

"पेपर परत द्यायचा असेल तर?"

त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "तुझ्या आधी पाच जण आले," त्या म्हणाल्या. "पाचही जणांनी कात्री उचलली. एकानं तर विचारलं, मॅडम, बॉर्डर सोडून कापू का बॉर्डरसकट. सोमवारपासून ये."

या प्रमिला भामरे. भामरे मॅडम. त्यांना मी सहा वर्षं रोज पाहिलं, तरी त्यांचं चरित्र मला सांगता येणार नाही. सटाण्याकडच्या होत्या. गावाकडे भावाची डाळिंबाची बाग होती, इंदिरानगरला फ्लॅट होता, आई वारल्यापासून एकट्या राहत होत्या. लग्न केलं नाही की मोडलं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आधी त्या पुण्यात मोठ्या कंपनीत होत्या, असं म्हणत. त्या स्वतः त्यावर कधी बोलल्या नाहीत.

आमची कंपनी डाळिंबं निवडायचं मशीन बनवायची. पट्ट्यावरून फळं जातात, वर कॅमेरा असतो. फळाला तेल्या रोगाचा डाग आहे का, ते तडकलंय का, हे कॉम्प्युटर त्या चित्रातून ठरवतो, आणि पट्ट्याच्या शेवटी एक झडप त्या फळाला डागी क्रेटमध्ये ढकलते. हे सगळं पट्टा पळत असताना. पट्टा कुणासाठी थांबत नाही.

आता यात मॅडमचं काम काय, ते सांगितल्याशिवाय बाई कळायची नाही. कॅमेऱ्याच्या एका चित्रात पुष्कळ फळं असतात. प्रत्येकाभोवती चौकट आखून तेवढाच तुकडा तपासायला पुढं द्यावा लागतो. याला क्रॉप करणं म्हणतात. साधी पद्धत अशी की चौकटीतला एकेक ठिपका उचलायचा आणि मेमरीत दुसरीकडे नेऊन ठेवायचा. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलेलं. एका फळाला त्याचा खर्च काहीच नाही. पण फळं पुष्कळ, चित्रंही एकामागून एक येणारी. ही हमाली वाढत गेली की निर्णय उशिरा येतो, आणि निर्णय उशिरा आला की झडप पुढं गेलेल्या फळाऐवजी त्याच्या मागून येणाऱ्या फळावर पडते. डागी फळ निर्यातीच्या पेटीत, आणि मागचं चांगलं फळ डागीत.

मॅडमची पद्धत म्हणजे काहीच उचलायचं नाही. मूळ चित्र आहे तिथंच राहू द्यायचं आणि तपासणाऱ्या भागाला फक्त सांगायचं, या ओळीपासून, या ठिपक्यापासून, एवढं रुंद, एवढं उंच. बातमीवर बोट ठेवल्यासारखं. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, "उचलू नको. जागेवरच बघ."

हे वाक्य त्या सगळ्यालाच लावायच्या. कुणी मेलची प्रिंट काढली तरी, कुणी फाइलची दुसरी कॉपी केली तरी, कुणी तिसऱ्या माणसाबद्दल कानात सांगायला लागलं तरी. "तो काय म्हणाला ते तू उचलून माझ्याकडे आणू नको. मी जाते त्याच्याकडे." आणि खरंच उठून जायच्या. यामुळे ऑफिसात त्यांचे मित्र फार नव्हते.

दुसरं वाक्य 'फक्त' या शब्दावर. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "मॅडम, फक्त एक छोटी स्टेप वाढवलीय," की त्या पेन खाली ठेवायच्या. "फक्त म्हणालास ना? आता गुणाकार कर. किती फळं, किती चित्रं. कर, मी थांबते." समोरचा फळ्यावर गुणाकार करायचा, सगळे बघत बसायचे. एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. त्यांनीही पाहिलं, पण गुणाकार पूर्ण करून घेतला. बाई प्रेमळ नव्हत्या. माझं इंग्रजी मेल त्यांनी एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "माळोदे, तुला मराठी येतं ना? मग मराठीत लिही. चुकीच्या इंग्रजीपेक्षा बरोबर मराठी कमी वेळ खातं." मला राग आला होता. अजून थोडा आहे.

जेवताना त्या डब्यातच जेवायच्या. ताट घ्यायच्या नाहीत. "डब्यातलं ताटात, ताटातलं पोटात. मधलं ताट धुवायचं कोणी?" वाढदिवसाचा केक कापायला सगळे जमले की त्या हळूच जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. हातात पेपर, आणि तो असा घडी घालून की एकच बातमी वर दिसावी.

मी नवीन असताना त्यांच्या पद्धतीत मला एक खोट सापडली. मला वाटलं, आता पकडलं. मी म्हणाले, "मॅडम, आपण बोट ठेवून बघत बसलो आणि तेवढ्यात कॅमेऱ्यानं त्याच जागेवर पुढचं चित्र टाकलं तर? बोटाखालचं फळच बदलून जाईल."

त्या मला पॅन्ट्रीत घेऊन गेल्या. चहा करणाऱ्या मावशींकडून तीन स्टीलची ताटं मागितली आणि ओट्यावर मांडली.

"हे वाढायला. हे जेवायला. हे धुवायला. वाढणारा जेवणाऱ्याच्या ताटात हात घालतो का?"

"नाही."

"जेवून झालं की ते धुवायला जातं, धुतलेलं वाढायला येतं. ताटं तीनच. फिरती. कुणी कुणासाठी थांबत नाही आणि अन्न एकदाच वाढलं जातं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खोट बरोबर काढलीस. पण ती मला आधीच ठाऊक असेल, असं तुला का नाही वाटलं?"

मावशी म्हणाल्या, "ताटं धुवून ठेवा हो मॅडम." मॅडमनी तिन्ही ताटं धुवून ठेवली.

कंपनीचे मालक सगळ्यांकडून स्वतःला 'दादा' म्हणवून घ्यायचे. आपण कुटुंब आहोत, असं त्यांचं म्हणणं. दादांनी पुण्याहून अनिकेत नावाचा मुलगा आणला. हुशार होता, बोलायला गोड. त्यानं एक नवी गोष्ट केली. मशीनवर मोठा स्क्रीन लावला आणि पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक डाळिंबाचा मोठा, चकचकीत फोटो त्यावर यायला लागला. चांगल्याला हिरवी चौकट, डागीला लाल. फोटो थोडा वेळ थांबायचा, मग पुढचे यायचे. आम्ही त्याला भिंत म्हणायचो. बघणारा हरखून जायचा. दादा तर खुर्ची टाकून बसायचे.

पण स्क्रीनवर फोटो थांबवून ठेवायचा तर मूळ चित्रावर बोट ठेवून चालत नाही, ते चित्र तर पुढं निघून जातं. मग प्रत्येक तुकडा उचला, वेगळा ठेवा, मोठा करा. आणि हे सगळं त्याच छोट्या कॉम्प्युटरवर, जो झडपेचा निर्णय घेतो.

"भिंत वेगळ्या कॉम्प्युटरवर घाला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कोटेशन देऊन झालंय," दादा म्हणाले. "आणि अनिकेतच्या टेस्टमध्ये सगळं वेळेवर आहे. रिपोर्ट बघा की."

रिपोर्ट खरा होता. त्यात कुणी खोटं लिहिलं नव्हतं. झालं असं होतं, की आमच्याकडे टेस्टसाठी सोमवारी दोन क्रेट डाळिंबं यायची. मावशी रोज दुपारी त्यातली काही सोलून वाटीवाटीनं टेबलांवर आणून द्यायच्या. मंगळवारी खाल्ली, बुधवारी खाल्ली, कुणी घरी पण नेली. शुक्रवारी पट्ट्यावर फळं राहायची चारदोन, इकडं एक, तिकडं एक. आणि आठवड्याचा रिपोर्ट शुक्रवारी काढायची पद्धत होती. चार फळांचे तुकडे उचलायला कितीसा वेळ लागतो? दर शुक्रवारी मशीन पास व्हायचं. टेस्टचा माल आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला होता आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मॅडम डाळिंब खायच्या नाहीत. लहानपणापासून तेच बघितलंय, म्हणायच्या. म्हणूनच असेल, त्यांच्या लक्षात आलं.

"सोमवारी चालवून दाखव," त्या अनिकेतला म्हणाल्या.

सोमवारी पट्टा भरून चालवला. झडप एक डाळिंब मागे पडत होती. अनिकेतचा चेहरा उतरला. तो प्रामाणिक होता, लगेच म्हणाला, "मॅडम, भिंत काढतो." पण दादांनी ऐकलं नाही. "गिऱ्हाईक भिंत बघून सही करतं. झडप कोण बघतं? तिथं माणसं थोडी कमी फळं टाकतील, आपण सांगू त्यांना."

"माझ्या भावाचा माल जाणारे त्यावर," मॅडम म्हणाल्या. पहिलं मशीन सटाणा तालुक्यातल्याच एका पॅकहाऊसला जाणार होतं.

"मग तर घरचंच काम," दादा हसून म्हणाले.

मशीन सुरू करायच्या दिवशी आम्ही चौघं दादांच्या गाडीतून गेलो. मॅडम पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. देवळा गाव मागं पडलं तेव्हा एकदाच बोलल्या, मला उद्देशून. "माळोदे, तिथं स्क्रीनकडे बघू नको. क्रेटकडे बघ."

पॅकहाऊसला मांडव घातला होता. पट्ट्याला हळदकुंकू, हार. पहिला माल कोणाचा, तर मॅडमच्या भावाचा, आप्पांचा. पोरगी आपली, मशीन आपल्या पोरीचं, असं लोक म्हणत होते. आप्पा नवी टोपी घालून उभे होते. नारळ फुटला, पट्टा सुरू झाला, बायांनी क्रेटवर क्रेट ओतले. कुणी कमी फळं टाकली नाहीत. भरलेला ट्रॅक्टर दारात उभा असताना कोण कमी टाकेल?

सगळे भिंतीकडे बघत होते. म्हातारी माणसं आपल्या बागेतलं डाळिंब एवढं मोठं बघून खूश होत होती. "हाई देख, हाई देख," चाललं होतं. मॅडम पट्ट्याच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. डागी क्रेटमध्ये हात घातला आणि एक फळ काढलं. स्वच्छ, लालभडक, कुठं टिपका नाही. मग दुसरं. मग निर्यातीच्या पेटीतून एक काढलं, त्याच्या बुडाला काळा तेल्या. तिन्ही फळं पदरात धरून त्या दादांकडे आल्या.

"भिंत बंद करायला सांगा. झडप आत्ता वेळेवर येईल."

"मॅडम, पाहुणे आहेत. आपण ऑफिसमध्ये बोलू."

"ऑफिसमध्ये बोलून झालंय."

दादा हात जोडून पाहुण्यांकडे वळले. मॅडमनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. स्क्रीनवर शेवटचे फोटो तसेच राहिले, हिरव्या चौकटीत.

त्या भावाला अहिराणीत म्हणाल्या, "आप्पा, हाई मशीन एक फळ मांगे शे. तुना माल टाकू नको."

आप्पांना काय करावं कळेना. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, लोकं देखी राहिनात."

"देखू दे."

दादा लगेच पुढं आले. त्यांनी काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं लक्षात आहे. "मंडळी, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या बायांनी फळं जास्त ओतली." क्रेट ओतणाऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "मंग काय मोजून टाकायची व्हती का?" कुणी हसलं नाही.

परत येताना गाडीत अनिकेतनं एकदा पाण्याची बाटली मॅडमपुढं धरली. त्यांनी घेतली, पाणी प्यायल्या, थँक्यू म्हणाल्या. आठवड्यानं ऑफिसच्या दारावर त्यांचं कार्ड चालेना. वॉचमननं आत फोन केला आणि त्यांचा डबा, चष्म्याचं घर आणि एक स्वेटर पिशवीत घालून बाहेर आणून दिलं. ग्रुपवर दादांचा मेसेज आला की तब्येतीच्या कारणानं मॅडम विश्रांती घेत आहेत. त्याखाली फुलं, हात जोडलेले. चाळीस माणसांचं कुटुंब, सगळ्यांनी फुलं टाकली. मी काही टाकलं नाही, पण ते कुणाला दिसलं नसेल.

मी फोन केला तर म्हणाल्या, "काम काय आहे?"

"काम नाही. तुम्ही कशा आहात विचारायला."

"बरी आहे. आता दोघींचा वेळ जातोय." आणि ठेवला.

त्या वर्षी पॅकहाऊसमध्ये मशीन चालू राहिलं आणि त्याच्या पुढं बाया उभ्या करून सगळा माल परत हातानं निवडावा लागला. दुसरं मशीन कुणी घेईना. तेव्हा दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "ती मॅडमची जुनी पद्धत होती ना, बोट ठेवायची. ती परत बसव. आणि भिंत वेगळ्या कॉम्प्युटरवर टाक. पण हे जुनं म्हणून सांगू नको. नवीन आवृत्ती म्हण."

"कोटेशन?" मी विचारलं.

"ते बघतो मी."

मी ते काम केलं आणि चोख केलं. तीन ताटं, फिरती. एकही तुकडा उचलायचा नाही. टेस्ट सोमवारी, भरल्या पट्ट्यावर, आणि टेस्टचं डाळिंब खायचं नाही अशी पाटी मी स्वतः लिहून लावली, मराठीत. पुढं उद्योजकांच्या एका कार्यक्रमात दादांना या नवीन आवृत्तीसाठी शाल मिळाली. भाषणात ते म्हणाले की शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहिल्याशिवाय असं तंत्र सुचत नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या मीही ऐकल्या.

मॅडमना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. नवीन आवृत्ती बसवून झाल्यावरच्या हंगामात मी सटाण्याच्या त्याच पॅकहाऊसला सर्व्हिससाठी गेले होते. कॅमेऱ्याची काच पुसून खाली उतरले तर आप्पांचा टेम्पो लागला होता आणि मॅडम क्रेटच्या रांगेत उभ्या होत्या. केस अजून आखूड, पायात तेच बूट. कुणी त्यांना ओळखलं नाही. माणसं बदललेली. त्या चालत पट्ट्याच्या शेवटी गेल्या आणि झडपेच्या अगदी जवळ वाकून उभ्या राहिल्या.

मशीन चालवणारा पोऱ्या ओरडला, "ओ बाई, मागं व्हा. पिवळ्या पट्टीच्या मागं. मशीनमधलं काय कळतं का?"

मी पुढं होणार होते. मॅडमनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. आणि खरंच एक पाऊल मागं सरकून पिवळ्या पट्टीच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

तिथून त्या बघत होत्या. पट्टा भरून वाहत होता. झडप पडायची तसं त्यांचं बोट मांडीवर पडत होतं, बराच वेळ. मग थांबलं. डागी क्रेटमध्ये त्यांनी या वेळी हात घातला नाही.

जाताना माझ्याजवळून गेल्या. "कोणी केलं?"

"तुमचंच आहे, मॅडम."

"मी विचारलं, केलं कोणी."

"मी."

"हं," त्या म्हणाल्या. टेम्पोत आप्पांच्या शेजारी बसल्या, पदरानं चष्मा पुसला, आणि टेम्पो मालेगाव रस्त्याला लागला.

ती मशीनं आता सात ठिकाणी चालतात. झडप वेळेवर पडते. डागी क्रेटमध्ये डागीच फळ जातं.